मचाणावरचा जागर

कार्तिकात पहाटे गावात दोन माणसे उठतात. एक काकड्यासाठी देवळाकडे जातो. दुसरा खांद्यावर दोर व दोन फळ्या टाकून वावराच्या धुऱ्याकडे, नाहीतर रानाच्या कडेला जातो. दोघांनीही झोप मोडली आहे, दोघांच्याही डोक्यावर तेच मृग नक्षत्र पश्चिमेस कलले आहे, आणि दोघेही उजाडण्याची वाट पाहत बसणार आहेत. मग एकाच्या जागण्यास आपण जागर म्हणतो आणि दुसऱ्याच्या जागण्यास पाप म्हणतो, हे कशावरून? नुसते जागणे तर सारखेच! तेव्हा धर्माधर्माचा भेद कोठे आहे, याचा विचार करणे अवश्य आहे.

आधी मचाण म्हणजे काय ते पाहू. शहरातील वाचकांस माहिती नसेल म्हणून सांगतो. शिकारी माणूस हरणाच्या वाटेवरचे झाड हेरतो. पाऊलखुरा, लेंड्या, चरलेले शेंडे पाहून जागा ठरवितो. वारा कोणीकडून येतो हे पाहतो, कारण हरणाचे नाक त्याच्या डोळ्यांहून तिखट. मग उजाडण्याआधी, दिवा न लावता, दोन फांद्यांच्या बेचक्यात बांबू, फळ्या किंवा सरळ एक बाजच उलटी करून दोराने आवळतो. फळी वाजता कामा नये, वाळले पान पायाखाली यायला नको, खोकलाही गिळायचा. हरीण सहसा वर पाहत नाही आणि माणसाचा वासही वरच्या वर निघून जातो, ही त्यातील युक्ती. पहाटे चितळ व काळवीट चरत फिरतात, ती वेळ साधायची. सेलू, आर्वी, कारंजा, आष्टी या भागांतील जुन्या माणसांस हे सारे ठाऊक आहे. शेतकऱ्याचा माळाही असाच, पण तो उघड्यावर असतो आणि वरचा माणूस ओरडतो, डबा वाजवतो. मचाण गप्प असते. माळा म्हणतो ‘ये नको’, मचाण म्हणते ‘ये’. एवढा भेद ध्यानात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल.

आता पूर्वपक्ष ऐका. कीर्तन आटोपल्यावर आम्हांस पुष्कळदा असे विचारतात, “महाराज, तुमी म्हणता मुक्या जीवाले मारू नका. पण त्या मुक्या जीवानं माह्या लेकराच्या तोंडचा घास नेला, तवा काय कराव?” हा प्रश्न वितंडवादाचा नव्हे, पोटाचा आहे. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभरा भुईसपाट करतो, रानडुकरे भुईमूग उकरतात. कर्ज काढून पेरलेले वावर सकाळी पाहावे तो तुडवलेले! त्याला ‘दया धरा’ एवढे सांगून आपण जेवावयास बसलो, तर तो उपदेश कसला?

शास्त्र म्हणाल, तर मृगया शास्त्राने सरसकट निषेधिलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. झाडाआडून बाण मारला म्हणून वालीने प्रभू रामचंद्रांस बोल लाविला, तेव्हा रामांनी दिलेल्या उत्तरात हेही आहे की, माणसे जाळी, फासे लावून व लपून मृगांस मारतात आणि त्यांस दोष लागत नाही. महाभारतात पंडुराजाने मृगरूपी ऋषीस बाण मारिला. तो ऋषी मरता मरता काय म्हणाला? हरणे मारणे हा राजांचा व्यवहार आहे, त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. पण मी मैथुनात असता तू थांबला नाहीस, हा तुझा अपराध! पाहा, केवढी सूक्ष्म गोष्ट आहे. मारण्यापेक्षा न थांबण्याचा दोष मोठा ठरला. ज्याच्या हाती बाण आहे त्याने समोरच्या जीवाची स्थिती पाहिली पाहिजे, एवढे तरी शास्त्राने मृगयेतही सोडलेले नाही.

कोणी म्हणेल, आम्ही माळकरी, आम्ही तर मांस खातही नाही. मग हा विचार आम्हांस कशाला? त्यास धर्मव्याधाकडे पाठवावे. मिथिलेचा तो मांसविक्या कौशिक ब्राह्मणास सांगतो की, नांगराचा फाळ भूमीत शिरला की असंख्य जीव मरतात आणि धान्याच्या दाण्यातही जीव आहे. म्हणजे भाकरी खाणारा कोणीही हात धुऊन मोकळा होऊ शकत नाही. ज्याने रात्रभर जागून ज्वारी राखली त्याची ज्वारी आपण खाल्ली, तर त्याच्या जागलीत जे पाप असेल त्यात आपलाही वाटा आहे. पुण्याचा वाटा मागताना आपण मागे राहत नाही, मग येथेच का?

याच वर्धा जिल्ह्यात १९३६ पासून सेवाग्रामी राहिलेल्या गांधीजींपुढेही हा पेच आला होता. अहिंसेचे एवढे मोठे व्रती, पण १९४६ साली देशात अन्नाचा तुटवडा असता त्यांनी ‘हरिजन’ पत्रात स्पष्ट लिहिले की, दुष्काळाच्या काळी अहिंसेच्या नावाखाली पीक जनावरांस खाऊ देणे हे पाप होय. पुष्कळांस ते रुचले नाही. आम्हांस त्यात एक मोठा धडा दिसतो. अहिंसा ही दुसऱ्याच्या उपाशी पोटावर पाळावयाची वस्तू नव्हे. जो अहिंसा सांगतो त्याने तिची किंमतही भरावी.

मग काय, मारण्यास मोकळीक झाली? नाही. येथेच विवेक लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद आहे. चोरून मांडलेले मचाण हा आज राजदंडास पात्र असा गुन्हा आहे. रोही व रानडुक्कर यांनी पिकाची नासाडी केली तर वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, भरपाई असा मार्ग आहे. तो लांबचा आणि कष्टाचा आहे हेही खरे. पण कायदा बाजूस ठेवला तरी धर्माचा प्रश्न उरतोच, आणि तो असा की, मारणारा पाहतो की नाही?

दशरथ राजा शब्दवेधी होता. अंधारात शरयूच्या काठी घागर भरल्याचा बुडबुड आवाज झाला, हत्ती पाणी पितो आहे असे समजून त्याने बाण सोडला, आणि आंधळ्या आईबापांचा श्रावणबाळ पडला. नेम अचूक होता हो! चूक नेमाची नव्हती, चूक न पाहता सोडण्याची होती. अमेरिकेतही लोक पानगळीच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात झाडाला लोखंडी बैठका बांधून पांढऱ्या शेपटीच्या हरणांची वाट पाहतात. पण तेथील पुष्कळ राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासाच्या आधी गोळी झाडण्यास मनाई आहे. कारण हेच, की आधी दिसू द्या, मग हात उचला. शिकार मान्य करणाऱ्या देशासही अंधारातली गोळी मान्य नाही.

आणि आमच्याकडे काय चालले आहे? मचाणाचे कष्ट नकोत म्हणून कोणी कोणी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात व घरी निजतात. ही तार म्हणजे डोळे नसलेला दशरथ! तिला रोही कळत नाही, शेजाऱ्याचा बैल कळत नाही, पहाटे पाणी द्यायला आलेला पोर कळत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यात, ब्रह्मपुरीकडून आणून बोरच्या जंगलात सोडलेली एक वाघीण शेताच्या अशा तारेला लागून मेली. मचाणावरचा माणूस निदान जागा तरी असतो, त्याला मन बदलण्यास अवकाश असतो. तारेला पश्चात्ताप नाही. म्हणून आमचे मत असे आहे की, सर्व उपायांत हा उपाय अधम. झोपून केलेली हिंसा ही जागून केलेल्या हिंसेहून वाईट.

मन बदलण्यास अवकाश, हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये, म्हणजे इ. स. १७१८ साली शिवलीलामृत रचिले, त्यातील दुसऱ्या अध्यायातील व्याध घरोघरी ठाऊक आहे. तो व्याध म्हणजे मचाणावरचा शिकारीच की! पाणवठ्याच्या कडेला बेलाच्या झाडावर रात्री बसला, आड येणारी पाने तोडून खाली टाकू लागला, ती खालच्या लिंगावर पडली. सारे म्हणतात, नकळत पूजा घडली म्हणून तो तरला. ते खरेच. पण आणखी एक गोष्ट पाहावी. गाभण हरिणी पुढे येऊन बोलू लागली, आणि याने धनुष्य ओढलेले असताही तिचे ऐकून घेतले. तिने परत येण्याचे वचन दिले आणि याने ते खरे मानले. भुकेल्या बायकामुलांचे ओझे डोक्यावर असता त्याने सोडून दिले! रात्रभर बसावे लागले म्हणून ऐकावे लागले, आणि ऐकले म्हणून कळवळा आला. ती हरणे पोराबाळांसह परत आली तेव्हा त्याच्याने बाण सुटेना. आजही आकाशात मृगामागे व्याध आहे. बाण मध्येच थांबला आहे, आणि त्याच मृगाच्या पावसावर आपण पेरणी करतो.

आता शेवटचा दाखला, तो भागवताच्या पंचम स्कंधातला. भरत राजा हरणाच्या पाडसात गुंतला, हरीण झाला, पुढे ब्राह्मणाच्या घरी जडभरत होऊन जन्मला. एवढे सगळे सांगतात. पण भावांनी त्यास कोणते काम दिले? रात्री शेताची राखण! हरणे व डुकरे यांपासून पीक राखण्यास तो ताठ बसून राहिला होता. जो गेल्या जन्मी हरीण होऊन रानात चरला, तोच या जन्मी हरणापासून शेत राखतो आहे! त्याने राखण नाकारली नाही, ‘मी हरीण होतो, खाऊ द्या’ असे म्हटले नाही. आणि हाती शस्त्र घेतल्याचेही भागवतात नाही. जागा राहिला, एवढेच. राखण कशी करावी याचा आदर्श आम्हांस येथे सापडतो. शेत आपले आहे, ते राखणे धर्म आहे. पण ज्याच्यापासून राखतो तोही आपणच कधीतरी होतो, हे विसरू नये.

पण एकटा जडभरत किती जागणार? दोन एकरांच्या धन्याने दिवसा राबावे, रात्री जागावे आणि वर उपदेशही ऐकावा, हे न्यायाचे नाही. तेव्हा ज्या गावात काकडा चालतो त्या गावात जागलीचीही पाळी असावी. दिंडीत जसे एकमेकांचे ओझे वाहतो तसे दहा घरांनी दहा वावरे मिळून राखावी. एक जागेल, नऊ निजतील. ज्याचे पीक गेले त्याच्या अर्जासाठी दोन शिकलेल्या पोरांनी कचेरीत खेटे घालावे. सप्ताहाच्या पंगतीतून उरलेला शिधा आधी त्याच्या घरी जावा. एवढे केले म्हणजे मग ‘मारू नका’ म्हणण्याचा अधिकार येतो.

बोर नदी ज्या रानातून येते त्या रानास १९७० साली अभयारण्य म्हणून आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून संरक्षण मिळाले. तीच नदी पुढे घोराडला संत केजाजी महाराजांच्या गावावरून वाहते. वरती चितळ ते पाणी पितात, खाली वारकरी त्यात हातपाय धुतात. त्या रानात वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून माणसे बसतात आणि चांदण्यात आलेली जनावरे मोजतात. तेच झाड, तोच दोर, तेच श्वास रोखणे. पण हातात वही. हरीण येते, पाणी पिते, जाते. बसणाऱ्याच्या पदरी काय पडते? पाहणे. आणि आधी सांगितल्याप्रमाणे, पाहिल्यावाचून धर्म नाही.

म्हणून जागल करणाऱ्या आमच्या भावांस एवढीच विनंती. तार सोडू नका. माळा बांधा, उजेडात आणि उघडा. डबा वाजवा, हाकारा घाला, पाहिजे तर अभंग म्हणा. जनावर पळेल आणि तुमचा जागरही घडेल. आणि देवळात काकडा लावणाऱ्यांस विनंती ही की, आरती झाल्यावर कंदील घेऊन त्या धुऱ्याकडेही एक चक्कर टाका. तेथे कोणी एकटा कुडकुडत बसला असेल, त्यास चहा पाजा आणि दोन घटका त्याच्या जागी तुम्ही बसा.