सर्दीचे उपचार आणि आरामाचे मोल

सर्दी हा आपोआप बरा होणारा आजार असल्यामुळे तिच्यावर केलेल्या प्रत्येक उपायाला बरे केल्याचे श्रेय अनायासे मिळते, आणि घरगुती उपचारांचा विचार करताना सर्वांत आधी ही अडचण ध्यानात घ्यावी लागते. बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते. त्यांपैकी राइनोव्हायरस, म्हणजे नाकाच्या तुलनेने थंड अस्तरात चांगला वाढणारा विषाणू, हा प्रमुख असून त्याचे 160 हून अधिक उपप्रकार ज्ञात आहेत, त्यामुळे एका सर्दीतून मिळालेले संरक्षण पुढच्या सर्दीला पुरत नाही. लक्षणे साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असतात आणि सात ते दहा दिवसांत ओसरतात. अंग मोडून आल्यावर, म्हणजे नेमक्या त्या तीव्र टप्प्यावरच माणूस काढा घेतो किंवा गोळी मागतो, आणि नंतर जो उतार पडणारच होता तो त्या काढ्याच्या किंवा गोळीच्या नावावर जमा होतो.

म्हणून घरगुती उपायाला दोन वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत: त्याने आजाराचे दिवस कमी होतात का, आणि आजाराचे दिवस सुसह्य होतात का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा निराशाजनक असते. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी 1970 मध्ये पुस्तक लिहून क जीवनसत्त्वाचा हिरिरीने पुरस्कार केला, परंतु पुढे झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार केल्यावर असे दिसले की, रोज हे जीवनसत्त्व घेणाऱ्या सर्वसाधारण प्रौढांना सर्दी कमी वेळा होत नाही, आणि झाल्यास तिचा काळ सुमारे 8 टक्क्यांनी, म्हणजे आठवड्यामागे जेमतेम अर्ध्या दिवसाने घटतो. आवळा आणि पेरू अवश्य खावेत, पण ते उत्तम फळ म्हणून; सर्दी रोखण्याची हमी म्हणून नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताच चित्र पालटते. वेल्समधील कार्डिफ येथील संशोधकांनी 2008 मध्ये सर्दी झालेल्या माणसांना फळांच्या रसाचे एकच पेय गरम आणि सामान्य तापमानाचे असे देऊन पाहिले. दोन्ही गटांत नाकातून वाहणाऱ्या हवेच्या मोजमापात फरक पडला नाही, तरीही गरम पेय घेणाऱ्यांना घसादुखी, खोकला, थंडी वाजणे आणि थकवा यांपासून लगेच व टिकाऊ आराम वाटला. पुदिन्यातील मेंथॉलचेही तसेच आहे: ते नाकातील गारवा ओळखणारी चेतातंतूंची टोके चेतवते, त्यामुळे नाक प्रत्यक्षात मोकळे न होताही श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर झोपण्यापूर्वी दिलेला चमचाभर मध उपयोगी ठरतो, असेही चाचण्यांत आढळले आहे. असा आराम खोटा मानण्याचे कारण नाही, कारण झोप लागणे आणि घशाखाली घास उतरणे हे आजारी माणसाच्या दृष्टीने पुरेसे मोठे लाभ आहेत.

मराठी स्वयंपाकघराने हे लाभ फार पूर्वीच हेरले असावेत. ठेचलेले आले, गवती चहाची पात, तुळशीची पाने आणि दोन-चार मिरे पाण्यात उकळून, गूळ घालून केलेला काढा ऊब, तिखटपणा, सुगंध आणि गोडवा एकाच पेल्यात देतो. मिऱ्या-आल्याच्या तिखटपणाने नाक वाहू लागून चोंदलेपणा सैल झाल्यासारखा वाटतो, तर गोडव्याने लाळ सुटून घसा ओला राहतो. हुलग्याचे पीठ पाण्यात कालवून, गुठळी होऊ न देता शिजवलेले आणि गूळ-सुंठीने चव आणलेले माडगे, किंवा तूप-मेतकूट घातलेला आसट भात, हे पदार्थ अन्नावरची वासना उडालेली असताना पोटात पाणी आणि ताकद दोन्ही पोहोचवतात. आयुर्वेदाने सर्दीला प्रतिश्याय म्हटले असून तीत हलका, उष्ण आहार आणि त्रिकटू, म्हणजे सुंठ, मिरे व पिंपळी यांचे चूर्ण, सांगितले आहे.

आराम हेच प्रयोजन मानले की त्याची मर्यादाही स्पष्ट होते: ज्या उपायाने इजा होण्याचा संभव आहे, त्याला आरामाचे नाव देता येत नाही. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंपासून बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफारा घेताना मुले भाजतात, आणि ओव्याची धुरी बाळाच्या नाजूक श्वासनलिकेला त्रासच देते. धाप लागणे, छातीत दुखणे, बरे वाटू लागल्यावर ताप उलटणे किंवा तान्ह्या बाळाने दूध सोडणे ही लक्षणे दिसताच घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठला पाहिजे.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. त्यांतील परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी ममत्व आणि शुचिता असावी, अशी अपेक्षा आहे. सर्दीला विषाणू हटवणारे खात्रीचे औषध अद्याप नसल्यामुळे चिकित्सेचा भार या परिचारकावरच येतो. आणि हा आजार हातांवाटेही पसरत असल्याने काढा देणाऱ्याने हात धुणे हे ममत्वाइतकेच महत्त्वाचे ठरते. विषाणूंवर प्रतिजैविके, म्हणजे जिवाणूनाशक औषधे, चालत नाहीत, तरीही ‘लवकर बरे करा’ या आग्रहापोटी ती मागितली जातात, आणि अनावश्यक वापरामुळे जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. काढा आजार हटवतो असा दावा केल्यास तो फसल्यावर रुग्ण अधिक जालीम गोळीकडे धावेल. सर्दी तिच्या गतीने जाईल आणि तोवर काढ्याने बरे वाटेल, एवढे जे घर प्रामाणिकपणे सांगू शकते, ते आपल्या माणसाला धीर देते आणि खऱ्या गरजेच्या वेळेसाठी प्रतिजैविकांची ताकदही राखून ठेवते.