अस्मानी कोठें संपते?

आपल्या भाषेनें संकटांचे दोन वर्ग फार पूर्वींच पाडले आहेत : अस्मानी आणि सुलतानी. आकाशांतून येतें तें सोसावयाचें, सत्तेकडून येतें त्याचा जाब विचारावयाचा, असा या वांटणीमागचा नीतिनियम दिसतो. परंतु रत्नागिरी जिल्ह्यांतील अलीकडचीं वादळें व पूर पाहिले म्हणजे ही सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट नाहीं, असें ध्यानांत येतें.

११ नोव्हेंबर २००९ रोजीं, पाऊस सरून हिंवाळा लागत असतां, फयान चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलें. समुद्रांत गेलेले कित्येक मच्छीमार परतले नाहींत. वारा कोणाच्या हुकुमानें सुटत नाहीं. ही आपत्ति अस्मानीच. तरीही खोल समुद्रांतील होडीपर्यंत इशारा वेळेवर पोंचविणें हें माणसाचेंच काम.

२२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण बुडालें. सह्याद्रीवरचा अतोनात पाऊस, खाडींतली भरती आणि वाशिष्ठीचें गाळानें उथळ झालेलें पात्र, हीं कारणें एकत्र आलीं. शिवाय कृष्णेकडे वाहणाऱ्या कोयनेचें पाणी विजेसाठीं घाटाच्या पोटांतून पश्चिमेस वळविलेलें आहे; तें कोळकेवाडीहून वाशिष्ठीस मिळतें. पुरांत त्याचा वांटा किती, यावर पुष्कळ वाद झाला. हें पाणी कोणत्या रकान्यांत मांडावें? ढगांतून पडलें तेव्हां तें अस्मानी होतें. वीजगृहांतून बाहेर आलें तेव्हां?

कोणी म्हणेल, मेघांच्या करणीचा जाब माणसास विचारणें हा अतिरेक होय. आक्षेप रास्त आहे. परंतु दोष आणि दायित्व या निराळ्या गोष्टी आहेत. पावसाचा दोष कोणासच लागत नाहीं; पण त्याचें पाणी कोणत्या वाटेनें येतें हें ज्याला कळलें, त्याच्यावर त्या वाटेचें दायित्व येतें. चिपळुणांत २००५ च्या जुलैंतही पूर आला होता. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरांतले ग्रंथ तेव्हां भिजले आणि २०२१ सालीं पुन्हां भिजले. पहिल्या वेळची अस्मानी दुसऱ्या वेळीं तितकीच अस्मानी कशी राहील?

आणि आज सुलतान तरी कोण? कोयनेच्या विजेवर ज्यांचे दिवे लागतात, पूररेषेच्या आंत जे घरें बांधतात व बांधूं देतात, पाणी ओसरतांच जे गाळाचा विषय विसरतात, ते आपणच. अर्थात् ज्याच्या हातीं अधिकार अधिक, त्याचा वांटाही अधिक.

२ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरण फुटून सुमारें वीस माणसें गेलीं. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनीं दोष दिला तो खेकड्यांना. गळतीची तक्रार मात्र ग्रामस्थांनीं आधींच केली होती. जें ठाऊक झालें तें त्यांनीं सांगितलें, आणि आपलें दायित्व पार पाडलें. ऐकणाऱ्यांचें तेवढें राहिलें.