सहा प्रतींतली एक

कॅल्मोड्युलिन हे आपल्या प्रत्येक पेशीत असणारं लहानसं प्रथिन. १४८ अमिनो आम्लांची साखळी, कॅल्शियम धरायला चार जागा. माणसाचं, गाईचं, कोंबडीचं कॅल्मोड्युलिन अगदी एकसारखं. कोट्यवधी वर्षांत बाकी सगळं बदललं, यात एका अमिनो आम्लाचाही फरक पडला नाही. माणसात तर हेच प्रथिन बनवणारी तीन वेगवेगळी जनुकं आहेत. प्रत्येकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे एकूण सहा. निसर्गानं एखादी गोष्ट इतकी जपलेली पाहिली की मला आधी धीर येतो, आणि मग काळजी वाटते.

काळजीचं कारण २०१२ मध्ये समोर आलं. स्वीडनमधल्या एका कुटुंबात श्रम किंवा ताण पडला की तरुण माणसांच्या हृदयाची लय बिघडायची, काहींचा त्यातच अंत झाला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा सहापैकी एकाच प्रतीत, एकाच अमिनो आम्लाचा बदल सापडला. उरलेल्या पाच प्रती निर्दोष होत्या. तरीही त्यांना हृदय सावरता आलं नाही.

असं का व्हावं? हे तपासायचं तर एक अडचण आहे. रुग्णाच्या पेशीत चांगलं आणि सदोष कॅल्मोड्युलिन एकत्र मिसळलेलं असतं, ते निवडून वेगळं काढणं जवळजवळ अशक्य. इथे उपयोगी पडतो ई. कोलाय हा जिवाणू. त्याच्यात माणसाचं जनुक घातलं की तो माणसाचं प्रथिन घडवतो. सदोष जनुक घातलं तर निव्वळ सदोष प्रथिन. पूर्वी कॅल्मोड्युलिन गुरांच्या मेंदूतून काढावं लागे, आणि तिथे माणसातला हा दोष मिळणार कुठून? आता दोन्ही प्रथिनं शेजारी ठेवून तपासता येतात. हृदयाच्या पेशीत कॅल्शियमच्या साठ्याला एक दार असतं. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात ते बंद राखायला कॅल्मोड्युलिन मदत करतं. काही सदोष रूपांत ही पकड सुटते आणि कॅल्शियम भलत्या वेळी बाहेर येतं, हे अशाच तुलनेतून उलगडलं.

हे प्रथिन विकत मिळतं. कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं. ते औषध नव्हे, त्यानं कुणी बरं होत नाही. तरी ज्या आईवडिलांचं धडधाकट मूल खेळताखेळता कोसळलं, त्यांना ‘नशीब’ याखेरीज दुसरं उत्तर मिळण्याची वाट अशा कुप्यांमधूनही जाते.

तुमच्या नात्यात कुणी तरुण माणूस पळताना, पोहताना किंवा भांडणाच्या भरात अचानक गेला असेल, तर त्याच्या भावंडांना हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी अशा काही आजारांत साफ चांगला येतो. म्हणून श्रम करताना घेतलेल्या चाचणीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.