बिनफिर्यादी मुलूख

महसूल खात्याच्या दप्तरात हयात घालविलेले काका आणि समुद्रविज्ञान शिकलेली त्यांची पुतणी मुक्ता यांचा बडोद्यातील हरणीच्या घरी पुढील संवाद झाला.

मुक्ता : हिंदी महासागराच्या तळावर, पाच-सहा हजार मीटर खोल, निकेल, कोबाल्ट, तांबे व मँगनीज यांचे गोळे पसरलेले आहेत; भारताच्या ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने आपल्या देशासाठी असे पहिले गोळे १९८१ साली वर काढले आणि २००२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये ७५,००० चौरस किलोमीटरांत शोध घेण्याचा अधिकार भारतास मिळाला. ते धातू आणू नयेत, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

काका : सनद देणारा त्या मुलखाचा धनी असावा लागतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या अमदानीत सागरी जीवशास्त्रज्ञ हॉर्नेल साहेबांनी ओखामंडळच्या किनाऱ्यावरील सागरी जीवसृष्टीची पाहणी करून १९०९ साली बडोदे सरकारास अहवाल दिला, तेव्हा त्या किनाऱ्यास एक जाब देणारा दरबार होता. तुमच्या तळाचा धनी कोण?

मुक्ता : सारी मानवजात. संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली त्यास सामायिक वारसा म्हणून घोषित केले.

काका : म्हणजे गायरानच! जे सर्वांचे, त्याच्या वतीने फिर्याद कोणीच करीत नाही. त्यातून आपण ‘तळ गाठला’ म्हणतो तेव्हा तेथे सारे संपले असे गृहीत धरतो. मग तेथे काही जगत असेल, ही शंका तरी कोणास यावी?

मुक्ता : जगते, हे खरे; आणि एकदा उकरलेला तळ लवकर सावरत नाही, हेही खरे. पेरूजवळच्या समुद्रात १९८९ साली प्रयोगासाठी नांगरलेल्या तळावरचे चरे २०१५ सालीही दिसत होते. परंतु हेच धातू जमिनीतून काढावयाचे, तर अरण्ये आणि गावे उठवावी लागतात.

काका : याच हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी नाव उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. काठ दृष्टीसमोर असताना जेथे दक्षता राहिली नाही, तेथे पाच हजार मीटरांखाली ती कोण राखील?

मुक्ता : म्हणून तलाव बुजवावयाचा?

काका : नव्हे, परंतु सुरक्षिततेचा पुरावा देण्याचा भार प्रवाशावर नसून नाव सोडणाऱ्यावर असावा.

मुक्ता : तो पुरावा तळ उकरल्यावाचून मिळत नाही, आणि दहा लक्ष वर्षांत काही मिलिमीटर वाढणारा गोळा एकदा उचलला की माणसाच्या हिशेबातून कायमचा गेला. पुरावा मागणे हीच हानीची सुरुवात ठरते.

काका : हा पेच मला मान्य आहे. तरी जमिनीवरच्या रयतेस निदान कचेरीत येऊन ‘नको’ म्हणता येते. तळास तेही नाही.

मुक्ता : म्हणता येते, काका, पण ऐकले किती वेळा गेले, हे तुमच्या दप्तरासच विचारा.