जोकरला का मारायचे नाही?

२००८ साली क्रिस्तोफर नोलनचा ‘द डार्क नाइट’ आम्ही पाच-सहा मित्रांनी मिळून थिएटरात पाहिला. तोवर आम्ही सगळे नोकरीधंद्याला लागलेलो, मुलाबाळांचे बाप झालेलो. पण बॅटमॅन म्हटले की आमच्यातला जुना पोरगा अजून जागा होतो. चित्रपटाच्या शेवटाकडे जोकर उंच इमारतीवरून खाली पडतो, पडतानाही हसत असतो, आणि बॅटमॅन दोर टाकून त्याला वरच्यावर अडकवतो. त्याच क्षणी मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, “अरे, पडू दे ना त्याला!” सारे थिएटर हसले. आम्हीही हसलो. आमच्यातल्या एकाने तर त्या आवाजाला साथही दिली.

बाहेर पडून टपरीवर चहा घेताना त्या ओरडण्यावरूनच वाद सुरू झाला. तो वाद आजही संपलेला नाही. बॅटमॅन जोकरला मारून का टाकत नाही? हा प्रश्न पोरकट वाटतो. पण तो सोडवायला बसलो की तो बॅटमॅनपाशी थांबत नाही, आमच्यापर्यंत येतो.

आम्ही या गोष्टींचे चाहते आहोत, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी रद्दीच्या दुकानात इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक मिळत. टाइम्स ऑफ इंडियाच्या या मालेने १९६४ पासून १९९० पर्यंत वेताळ आणि मँड्रेक आपल्या घराघरांत आणले. एक अंक आम्ही चौघे मिळून वाचायचो. ज्याने पैसे दिले त्याने पाने उलटायची, असा नियम होता. ली फॉकचा तो वेताळ दुष्टाच्या हातातले पिस्तूल नेमके उडवी, त्याच्या जबड्यावर कवटीची खूण उठवी आणि त्याला जिवंत सोडी. त्याने त्याला ठार का केले नाही, असा प्रश्न आम्हाला तेव्हा कधी पडला नाही. कारण तो दुष्ट गोष्टीबरोबर संपायचा. जोकर मात्र संपत नाही. तो पकडला जातो, आर्खमच्या वेड्यांच्या इस्पितळात जातो, तिथून निसटतो आणि पुन्हा माणसे मारतो. म्हणून जोकर आला तेव्हा आमच्या मनात हा प्रश्नही आला.

जाणकार मंडळी यावर एक सरळ उत्तर देतात, आणि ते खोटे नाही. बॅटमॅन १९३९ मध्ये बॉब केन आणि बिल फिंगर यांच्या हातून जन्मला, तेव्हा तो हात राखून वागणारा नव्हता. १९४० मध्ये त्याच्या नावाचे स्वतंत्र कॉमिक निघाले. त्याच्या पहिल्याच अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो आणि एका राक्षसी माणसाला विमानाच्या दोराला लटकवतो. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना हे रुचले नाही. त्यानंतर बॅटमॅनने माणूस मारायचा नाही, असे ठरले. जोकर आला तोही याच पहिल्या अंकात. लेखक-चित्रकारांनी त्याला अंकाच्या शेवटी मारूनच टाकले होते. एल्सवर्थ यांनी शेवटी एक चौकट वाढवायला लावली आणि तो जगणार असल्याचे तीत दाखवले गेले. इतका चांगला खलनायक एका अंकात खर्च करणे परवडणारे नव्हते. म्हणजे जोकर जगला तो कोणाच्या दयेमुळे नाही, धंद्याच्या हिशेबामुळे.

इथे चर्चा संपली असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. एखादा नियम कोणत्या कारणाने जन्मला यावर त्याची सारी किंमत ठरत नाही. भांडण टाळायला घातलेला बांधही पुढे जमीन धरून ठेवतो. नियम हिशेबातून आला असेल, पण गेली ऐंशीहून अधिक वर्षे लेखकांनी त्याच्यावर विचार केला आहे. त्या विचाराला उत्तर द्यावेच लागते.

आमच्यातल्या एकाचा मुलगा या वादात पडला, तेव्हा त्याने आम्हाला गप्पच केले. तो म्हणाला, “चाचा, सोपे गणित आहे. जोकर सुटला की दर वेळी माणसे मरतात. बॅटमॅनला हे माहीत आहे. तरी तो त्याला जिवंत ठेवतो. मग पुढच्या वेळी जे मरतील त्यांचा गुन्हा कोणाचा? स्वतःचे हात स्वच्छ राहावेत म्हणून दुसऱ्यांची पोरे मरू देणारा माणूस चांगला कसा?”

हा मुद्दा नवा नाही. जेसन टॉडनेही तो मांडला आहे, आणि जेसनला तो अधिकार आहे, कारण तो जोकरच्या हातून मेलेला पोरगा आहे. त्याची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. बॅटमॅनचा तरुण साथीदार म्हणजे रॉबिन. पहिला रॉबिन डिक ग्रेसन मोठा होऊन वेगळा झाला आणि त्याच्या जागी जेसन आला. १९८७ मध्ये नव्याने लिहिलेल्या कथेत तो रस्त्यावर वाढलेला अनाथ पोर आहे. बॅटमॅनच्या गाडीची चाके चोरताना तो सापडतो आणि बॅटमॅन त्याला घरी नेतो. पोरगा रागीट, ऐकून न घेणारा. एका कथेत, राजनैतिक संरक्षणामुळे सुटलेला एक अत्याचारी तरुण गच्चीवरून पडून मरतो. जेसनने त्याला ढकलले की तो घाबरून पडला, हे लेखकाने मुद्दाम सांगितले नाही. बऱ्याच वाचकांना हा रॉबिन आवडत नव्हता.

१९८८ मध्ये ‘अ डेथ इन द फॅमिली’ ही कथा आली. जिम स्टार्लिन यांनी ती लिहिली होती आणि जिम अपारो यांनी काढली होती. जोकर जेसनला लोखंडी पहारीने मारतो आणि बाँब लावलेल्या गोदामात टाकून जातो. स्फोट होतो आणि अंक तिथेच संपतो. पुढे काय व्हायचे ते वाचकांवर सोपवले होते. अंकात दोन फोन नंबर छापले होते, एक जेसन जगावा म्हणून आणि दुसरा तो मरावा म्हणून. एका फोनला पन्नास सेंट. संपादक डेनिस ओनील यांच्याकडे दोन्ही शेवट तयार होते. फोन आले १०,६१४. जगावा म्हणणारे ५,२७१, मरावा म्हणणारे ५,३४३. फरक बहात्तर मतांचा. जेसन मेला. एका माणसाने संगणक लावून पुन्हापुन्हा फोन केल्याचे ऐकले होते, असे ओनील यांनीच पुढे सांगितले. ते खरे असो वा नसो, पाच हजारांच्या आसपास आवाज तर होतेच.

आमच्या घरी १९८८ मध्ये फोन नव्हता आणि तो अंक आम्ही कितीतरी वर्षांनी वाचला. पण वाचताना आम्ही स्वतःला विचारले, फोन हाताशी असता तर आम्ही कोणता नंबर फिरवला असता? आमच्यातल्या दोघांनी कबूल केले की त्यांनी पोराला मारले असते. त्यांच्याजवळ काही मोठे कारण नव्हते. “कंटाळा आला होता त्याचा,” एवढेच ते म्हणाले.

आम्हाला यातले मर्म असे वाटते. जोकरला मारा म्हणणारे आम्ही म्हणतो, आम्हाला न्याय हवा आहे. पण माणूस मारण्याचा अधिकार चाहत्यांच्या हाती एकदा खरोखर दिला गेला, तेव्हा त्यांनी मारला तो जोकर नव्हता. चाके चोरणारा, उलट बोलणारा, न आवडणारा एक अनाथ पोर होता. कोणी म्हणेल, तो कागदावरचा पोर. खरे आहे. पण जोकरही कागदावरचाच आहे, आणि त्याच्या बाबतीत आम्ही न्यायाच्या मोठमोठ्या गोष्टी करतो.

त्याच कथेत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल कोणाला विचारलेही गेले नाही. जोकर बैरूतला जाऊन अरब दहशतवाद्यांना क्षेपणास्त्र विकू पाहतो, आणि शेवटी इराण त्याला संयुक्त राष्ट्रांतला आपला राजदूत नेमते. तो तिथे अरबी पोशाख आणि डोक्याला रुमाल अशा थाटात येतो. इराणी लोक अरब नाहीत, एवढेही तपासण्याची गरज लेखकाला वाटली नाही. आमच्यासारखी नावे असलेल्या वाचकाला ती पाने वाचताना चाहतेपण जरा अवघड जाते. पण त्यातून एक गोष्ट कळते. कोणाच्या मरणावर मत घ्यायचे आणि कोणाला न विचारताच मारेकऱ्यांच्या रांगेत उभे करायचे, हे आधीच ठरलेले असते. “दुष्टाला मारा” म्हणणे सोपे असते, कारण दुष्ट कसा दिसतो हे कोणीतरी आपल्यासाठी आधीच चितारून ठेवलेले असते.

आता पुन्हा त्या २००८ च्या चित्रपटाकडे येऊ. जोकर दोन बोटींत सुरुंग ठेवतो. एका बोटीत साधे नागरिक, दुसरीत कैदी. प्रत्येक बोटीवर दुसरी बोट उडवण्याचे बटण. नागरिक मतदान घेतात. चिठ्ठ्या मोजल्या जातात. कैद्यांची बोट उडवा म्हणणारे ३९६, नको म्हणणारे १४०. निर्णय झाला. पण बटण कोणी दाबायचे? कोणी उठत नाही. शेवटी एक सद्गृहस्थ पुढे येतो, यंत्र हातात घेतो, पाहत राहतो आणि परत ठेवून देतो. पलीकडच्या बोटीत एक धिप्पाड कैदी ते यंत्र मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकतो.

३९६ माणसांनी चिठ्ठीवर होय लिहिले आणि त्यांतल्या एकाचाही हात चालला नाही. चिठ्ठी आणि हात यांच्यामध्ये जे अंतर आहे, तिथेच माणसाची नीती राहते असे आम्हाला वाटते. दुरून मारणे सोपे असते, मग ते फोनवरून असो, चिठ्ठीवरून असो की थिएटरच्या मागच्या रांगेतून. आम्हाला नायक हवा असतो तो पुष्कळदा एवढ्यासाठीच, की चिठ्ठी आमची असावी आणि हात त्याचा. बॅटमॅन तो हात द्यायला नकार देतो. म्हणून तो आम्हाला खटकतो, आणि म्हणूनच तो आमच्या कामाचा आहे.

हे फक्त सिनेमापुरते असते तर लिहायचे कारण नव्हते. २०१९ च्या नोव्हेंबरात हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर बलात्कार करून तिला मारले गेले. ६ डिसेंबरला पहाटे चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. आम्हीही त्या दिवशी बरे झाले असेच म्हणालो, हे लपवत नाही. त्या मुलीचे दुःख आमच्या घरातही पोचले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. पोलिसांनी मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून गोळ्या झाडल्या, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असा त्या आयोगाचा निष्कर्ष २०२२ मध्ये उघड झाला. ते चौघे दोषी होते की नव्हते हे कोर्टात कधी ठरलेच नाही. आता ठरणारही नाही. फुले उधळताना आमच्यापैकी कोणाला हे माहीत होते? माहीत करून घ्यायची वाट पाहायची तयारी तरी होती का?

मग त्या मुलाच्या गणिताचे काय? ते आम्ही झटकून टाकत नाही. २००५-०६ च्या कथेत जेसन परत येतो, जोकरच्या डोक्याला पिस्तूल लावतो आणि बॅटमॅनला हेच विचारतो. बॅटमॅनच्या उत्तराचा आशय असा की मारणे अवघड आहे म्हणून तो थांबत नाही. ते फार सोपे आहे, आणि एकदा त्या वाटेला लागलो तर परतता येणार नाही, म्हणून तो थांबतो. आम्हाला हे उत्तर अर्धे वाटते. त्यात त्याला काळजी स्वतःची आहे, मेलेल्यांची नाही. उरलेले अर्धे उत्तर गॉथम शहराने द्यायला हवे. आर्खमचे दार पुन्हापुन्हा का उघडते? जोकरला पकडून दिल्यावर त्याला सांभाळणे हे इस्पितळाचे, कोर्टाचे, पोलिसांचे, कर भरणाऱ्या नागरिकांचे काम आहे. ते काम कोणी करत नाही आणि सगळे एका मुखवटेवाल्याकडे पाहतात. त्याने खून केला तर दार दुरुस्त करायचे कोणाला आठवणारही नाही. पुढच्या निष्पाप माणसांचा गुन्हा कोणाचा, या प्रश्नाला आमचे उत्तर हे आहे. बॅटमॅनचा वाटा त्यात असेलही, पण मोठा वाटा शहराचा आहे.

हा नियम बॅटमॅनलाही नीट पाळता आलेला नाही. २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये तो शत्रूला कोसळत्या गाडीत सोडून निघून जातो आणि मी मारले नाही, फक्त वाचवले नाही, असा वकिली युक्तिवाद करतो. ‘द डार्क नाइट’मध्ये एका पोराला वाचवताना त्याच्या हातून हार्वी डेंट मरतोच. २०१३ मध्ये तर सुपरमॅननेच झॉडची मान मोडली आणि आम्हा चाहत्यांचे दोन तट पडले. नियम मोडला जातो म्हणून तो खोटा ठरत नाही. तो मोडला की बोचतो, एवढे जरी राहिले तरी पुष्कळ आहे.

त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. त्याला ते पूर्ण पटले नाही. तो म्हणाला, “ठीक आहे चाचा, पण दार दुरुस्त होईपर्यंत मरणाऱ्यांना हे कोण सांगणार?” याचे उत्तर आमच्याजवळ नाही. मागच्या वर्षी त्याच्याबरोबर तो चित्रपट घरी पुन्हा पाहिला. जोकर इमारतीवरून पडला, दोर आला, तो उलटा लोंबकळत हसत राहिला. ओठांवर तेच जुने शब्द आले होते. मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही कोणीच ओरडलो नाही.