परक्या भूमीतील वाफा

शास्त्रपाठ : यिर्मया २९:१–७ व २४–२८



माघ सरत आला आहे. माणदेशात शाळूची काढणी चालू आहे, कृष्णाकाठी हरभरा खळ्यावर आला आहे, आणि दुपारच्या वाऱ्याला किंचित झळ लागू लागली आहे. ह्याच दिवसांत घरची वडीलधारी बाई राखेत घोळवून ठेवलेली दोडक्याकाकडीच्या बियांची पुरचुंडी फळीवरून खाली काढते. अशा समयी यिर्मया संदेष्ट्याचे एक पत्र आपण पुन्हा वाचावे, अशी माझी विनंती आहे.

हे पत्र यरुशलेमेहून बाबेलास गेले. नबुखद्नेस्सर राजाने ज्यांना बंदिवान करून नेले होते, त्या वडील माणसांना, याजकांना व लोकांना ते लिहिलेले होते. ती माणसे परक्या नदीकाठी बसून दिवस मोजीत होती. नुकताच हनन्या नावाच्या एका संदेष्ट्याने मंदिरात उभे राहून सर्वांदेखत सांगितले होते की, दोन वर्षांच्या आत सर्व काही परत येईल. दोनच वर्षे! मग घर कशाला बांधावयाचे? आळे कशाला खणावयाचे? गाठोडे बांधलेलेच बरे. अशा लोकांना यिर्मया कळवितो की, तुम्ही तेथे घरे उभारून त्यांत नांदावे, बागा कराव्या आणि त्यांत जे येईल ते खावे, लेकराबाळांची लग्ने करावी, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कुशलासाठी झटावे व प्रार्थना करावी. कारण मुदत दोन वर्षांची नव्हे, सत्तर वर्षांची आहे.

ही गोष्ट पुष्कळांना रुचली नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी शमाया नावाचा एक मनुष्य बाबेलातून उलट पत्र पाठवून तक्रार करतो की, हा यिर्मया आम्हाला घरे बांधा, बागा लावा असे सांगतो, तर त्याला खोड्यात का घातले नाही? वाचकहो, भाजीपाला लावा असे सांगणे हा एखाद्या वेळी खोड्यात घालण्याजोगा अपराध ठरतो, हे ध्यानात घ्या. सुटका उद्याच होणार अशी आशा विकणाऱ्यांना परड्यातला वाफा फार बोचतो.

आता मी माझी गोष्ट सांगतो. पाळकीच्या आरंभी माझी नेमणूक माणदेशातील एका गावी झाली. राहावयास दोन खोल्यांचे घर होते, मागे पाच हात रुंद व बारा हात लांब असे परडे. तेथे पोचलो तेव्हा शिमगा जवळ आला होता. परड्याच्या कोपऱ्यात एक शेवगा शेंगांनी लवला होता. माझ्या पूर्वीच्या पाळकांनी तो लाविला होता, आणि त्याला शेंगा धरण्याआधीच त्यांची बदली झाली होती. मी त्या शेंगा आमटीत घालून आनंदाने खाल्ल्या आणि पत्नीला म्हणालो, "आपल्याला येथे दोन वर्षे काढावयाची आहेत, भाजीच्या भानगडीत पडावयास नको." त्या गावी मी सहा वर्षे राहिलो. सहा फाल्गुन आले आणि गेले. त्या परड्यात मी एक बी टाकले नाही. आठवड्याच्या बाजाराला सहा मैल जावे लागे, आणि तेथून आणलेली भाजी तिसऱ्या दिवशी सुकून जाई. त्या सहा वर्षांत दर रात्री माझ्या तोंडी प्रभूच्या इच्छेची भाषा होती, परंतु मनाने मी हनन्याचाच शिष्य होतो.

आपल्या उपदेशक बंधूंपैकी किती जण असे गाठोडे बांधून बसले आहेत, हे त्यांचे त्यांनी जाणावे. आणि केवळ उपदेशकच कशाला? आपल्या मंडळीतील कितीतरी घरे गायरानाच्या कडेला किंवा दुसऱ्याच्या वतनाच्या बांधाला टेकलेली आहेत. ही जागा आमच्या नावावर नाही, मग येथे खपावे कशाला, असे ती माणसे म्हणतात. हे म्हणणे खोटे नाही. ज्याचा सातबारा कोरा आहे त्याचे दुःख त्यालाच ठाऊक. जागेचा हक्क अवश्य मागावा, आणि तो मिळेपर्यंत मागत राहावे. परंतु आळे खणल्याने तो दावा कोठेही दुबळा होत नाही.

ह्या बाबतीत आपल्याच सातारा जिल्ह्यातील एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. महाबळेश्वरी माल्कम पेठ वसविल्यानंतर, १८३४ च्या सुमारास तेथे एक बंदीगृह बांधण्यात आले आणि चीन व मलाया ह्या दूर देशांतील बंदिवान तेथे ठेवण्यात आले. समुद्रापलीकडील ती माणसे ह्या पावसाच्या डोंगरावर आली. भाषा कळेना, अन्न निराळे, परत जाण्याची आशा कोणाला असेल तर फारच थोड्यांना. त्यांनी तेथे भाज्यांचे मळे केले व बटाटे पिकविले. १८६४ साली ते बंदीगृह मोडले. आज तेथील एका धबधब्याला चायनामन असे म्हणतात, कारण त्याच्या बाजूला त्यांचे मळे होते. एकाही माणसाचे नाव त्यात नाही, केवळ कोठून आले तेवढेच उरले आहे. त्यांच्या हाती कुदळ सक्तीने दिली होती, हे मला कळते, आणि त्या सक्तीचे गोडवे मी गाणार नाही. परंतु सक्तीने धरलेल्या कुदळीने जमीन खणली जाते, एवढेच. त्यापुढे रोप जगवावयाचे तर पहाटे उठून त्याच्याकडे पाहावे लागते. कोणा परक्या माणसाने परक्या डोंगरावर तसे पाहिले होते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी थोडे बोलू. पुष्कळ घरी भाजी लावतात आणि पंधरा दिवसांत खचून सोडून देतात, म्हणून हे बोलणे अवश्य आहे. कोबी, नवलकोल व वाटाणा ह्यांचा काळ आता सरला. त्यांचा हट्ट धरू नये. हे दिवस भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले व भोपळा ह्यांचे आहेत. वेलासाठी हातभर रुंद व वीतभर खोल आळे खणून त्यात पुरते कुजलेले शेणखत मातीत मिसळून भरावे. ओले, कच्चे शेण घालाल तर त्याबरोबर हुमणीला आमंत्रण द्याल. कारल्याचे व दोडक्याचे बी कठीण कवचाचे असते, ते रात्रभर पाण्यात भिजवून मग टोकावे. एका आळ्यात चार बिया टाकाव्या, आणि रोपे चांगली उभी राहिली की जोमदार दोन ठेवून बाकीची काढून टाकावी. हे काढून टाकणे आमच्या बायामाणसांना जड जाते, आणि मलाही जाते. तांदुळज्याचे बी फार बारीक असते, म्हणून ते वाळूत मिसळून फोकावे, म्हणजे एका जागी दाटणार नाही. महिनाभरात पहिली कापणी मिळते. भेंडी दीड महिन्यात धरू लागते, आणि मग तिला दिवसाआड तोडले नाही तर ती जून होते व झाडही आळसावते.

भोपळ्याच्या वेलाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वेल पसरतो, पिवळी फुले भरभरून येतात, आणि एकही फळ न धरता गळून पडतात. मग घरची माणसे म्हणतात, वेल वांझ निघाला, आणि कोणीतरी दृष्ट लागली असेही म्हणतो. तसे काही नाही. पहिली फुले बहुधा नराची असतात. त्यानंतर मादीची फुले येतात, ज्यांच्या देठाशी इवलासा भोपळा आधीपासून दिसतो. मधमाशी एका फुलावरचे पराग दुसऱ्यावर नेते तेव्हा फळ धरते. म्हणून फुले उमललेली असताना सकाळी औषध फवारू नये. मावा पडलाच तर पन्नास ग्रॅम निंबोळीचा कुटलेला गर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावा, गाळून घ्यावा, आणि त्यात साबणाचे किंचित पाणी मिसळून सायंकाळी फवारावे. दृष्टीसाठी मिरच्या ओवाळून टाकण्यापेक्षा त्या खाल्लेल्या बऱ्या.

वाळवे व कऱ्हाड तालुक्यांत ह्या दिवसांत ऊस तोडला जातो आणि शेतोशेती पाचट पेटवून देतात. त्यातील दोन भारे मागून आणून झाडांच्या बुंध्याशी पसरावे. ऊन जमिनीला लागत नाही, आणि ज्या वाफ्याला रोज पाणी लागे त्याला दिवसाआड पुरते. माण, खटाव, जत, आटपाडी ह्या भागांतील बंधूंना पाण्याच्या घागरीचे मोल सांगावयास नको.

येथे मला त्या सहा वर्षांतील दुसरी गोष्ट सांगावी लागते. ती अधिक कठीण आहे.

आमच्या परड्याच्या भिंतीपलीकडे मंडळीतील एक वृद्ध विधवा राहत असे. एके दिवशी ती दारात येऊन म्हणाली, "पाळकसायेब, तुमच्या मोरीचं पाणी रस्त्यावर वाया जातंय. तेवढा चर काढून माझ्या परड्याकडं वळवू द्या की." मी म्हणालो, "पाहू, आजी." पाळकाच्या तोंडी 'पाहू' ह्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे आपणा सर्वांना माहीत आहे. चर प्रार्थनामंदिराच्या पायरीपुढून गेला असता, उपासनेला येणाऱ्यांचे पाय चिखलात भरले असते, आणि आवार नुकतेच चोपून सारवले होते. अशी कारणे माझ्यापाशी पुष्कळ होती. ती पुन्हा विचारावयास आली नाही. चारशे पावलांवर हापसा होता. तेथून ती डोक्यावर पाणी आणी आणि आपल्या छपरावर चढविलेला एकच भोपळ्याचा वेल जगवी.

निरोपाच्या सभेत सर्वांनी हार घातले, कोणी शेला दिला. ती तांबडा भोपळा घेऊन आली. तो माझ्या हाती ठेवून म्हणाली, "तुमच्या मोरीच्या पाण्यावर आला असता तर दोन आणले असते." मंडळी हसली, मीही हसलो. त्या रात्री मला झोप आली नाही.

बंधूंनो, पाणी नाकारणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपले वाडवडील विहिरीच्या काठाबाहेर उभे राहून कोणीतरी वरून ओतील म्हणून ओंजळ धरीत. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या जोतीराव फुले ह्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला, तेव्हा ती गोष्ट सबंध शहराच्या तोंडी झाली. आणि त्याच ओंजळी धरणाऱ्यांचा नातू असून मी मोरीचे, आंघोळीचे, टाकून दिलेले पाणी एका म्हातारीस दिले नाही. माझ्या दारात विहीर असती तर मी काय केले असते, ह्याचा विचार करण्याचे मला धैर्य होत नाही.

यिर्मयाच्या पत्रात बागेनंतर लगेच नगराच्या कुशलाची गोष्ट येते. पूर्वी मी ह्या दोन वचनांवर दोन निराळे उपदेश करीत असे. आता मला तसे करवत नाही, कारण माझ्या बागेचे पाणी कोठे जाते हाच नगराच्या कुशलाचा पहिला प्रश्न आहे. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी व तांदूळवाडी ह्या गावांच्या लोकांनी १९८० नंतरच्या दशकात बळीराजा नावाचे धरण बांधले. नदीतील वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला. त्या लोकांनी असे ठरविले की, पाण्याची वाटणी समान व्हावी आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क असावा. हे कोण्या मंडळीने केले नाही, प्रार्थनेने आरंभ करूनही केले नाही. तरी ते वाचताना मला पाळक म्हणून खाली पाहावे लागले.

सध्या मी कृष्णेच्या खोऱ्यातील एका गावी आहे. येथे पोचलो त्याच आठवड्यात गाठोडी सोडण्याआधी चर खणला. ज्यांना तसे करावयाचे असेल त्यांनी आरंभी एक लहान खड्डा करून त्यात गोटे व वाळू भरावी, म्हणजे राखाडी पाणी गाळून पुढे जाते. असे पाणी केळीला, अळवाला व भोपळ्याला चालते, परंतु कोवळ्या पालेभाजीवर किंवा कच्च्या खाण्याच्या काकडीवर घालू नये. कपड्यांचे फार साबणाचे पाणी तर त्यात सोडूच नये. तशाने माती घट्ट होते, आणि सांगलीकडच्या लोकांना चोपण जमीन म्हणजे काय हे समजावून द्यावयास नको.

आमचा चर कुंपणाखालून शेजारच्या घराकडे जातो. ती माणसे आमच्या मंडळीतील नाहीत. त्यांनी त्यावर दोन केळी आणि एक भोपळा लाविला आहे. आमच्या बाजूला चार आळी दोडक्याची व तीन कारल्याची आहेत. बदलीचा हुकूम केव्हा येईल ते मला ठाऊक नाही. शेवग्याचे एक खोड मात्र गेल्याच आठवड्यात कोपऱ्यात लावून ठेवले आहे.

दोडक्याचे बी आमच्याकडे भरपूर आहे. आसपासच्या मंडळ्यांतील ज्यांना पाहिजे त्यांनी रविवारी उपासनेनंतर घरी येऊन मागून घ्यावे. कारल्याचे थोडेच उरले आहे, तेव्हा ते आधी विधवांच्या घरी जाईल.