‘देवाची इच्छा’ म्हणण्यापूर्वी



अपुऱ्या दिवसांचे बाळ दगावले की सांत्वनाला आलेली माणसे एक वाक्य हमखास बोलतात : “देवाची इच्छा! त्याच्यापुढे कुणाचे चालते?” बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. रडणाऱ्या आईला दुसरे काय सांगावे हे कुणालाच सुचत नाही. तरीही हे वाक्य खरे आहे का, आणि ते प्रत्येक वेळी खरे असते का, याचा विचार आज आपण करू या. आपल्या शिरूर कासार तालुक्यात हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाड्या निघतात, त्यांत दिवस गेलेल्या लेकीसुनाही असतात. पोटात बाळ असताना वाकून ऊस तोडणे, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणे आणि रात्री कोपीत चुलीच्या धुरात भाकरी थापणे, हे त्यांच्या वाट्याला येते.

असे बाळ कशाने दगावते?

गर्भाचे दिवस साधारण ४० आठवड्यांचे. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. त्याची पहिली अडचण श्वासाची असते. फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारख्या हवेच्या बारीक पिशव्या असतात. त्यांच्या आतल्या बाजूला साबणाच्या फेसासारखा एक पातळ थर असावा लागतो. डॉक्टर त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो थर असला तर श्वास सोडल्यावरही पिशव्या थोड्या उघड्या राहतात. नसला तर त्या चिकटून मिटतात, आणि बाळाला प्रत्येक श्वास नवा फुगा फुगवावा तसा ओढावा लागतो. हा थर सहाव्या महिन्याच्या आसपास तयार होऊ लागतो आणि साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा होतो. त्यामुळे ‘सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही’ ही जुनी समजूत खरी नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या कामाचाच असतो.

दुसरी अडचण राखणीची आहे. प्रत्येक माणूस एक जन्मजात प्रतिकारशक्ती घेऊन येतो. अंगावरची कातडी, नाका-घशातला चिकट स्राव, जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी हे त्या शक्तीचे राखणदार. जंतू ओळखीचा असो वा नसो, ते लगेच धावून जातात. सरफॅक्टंटमध्येही जंतूंना पकडून ठेवणारी काही प्रथिने असतात. म्हणजे जो थर श्वास उघडा ठेवतो, तोच दारावर पहाराही करतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी कागदासारखी पातळ, राखणदार पेशी कमी आणि फुप्फुसातला पहारा अजून बसायचा असतो. आईच्या रक्तातून येणारी संरक्षक द्रव्येही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांतच बाळाकडे जातात. ती शिदोरी बांधून होण्याआधीच हे बाळ घराबाहेर पडलेले असते.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, हे कच्चे राखणदार एकदा पेटले की त्यांना आवरता येत नाही. जंतूंचा संसर्ग, श्वासयंत्राचा दाब, जास्त प्राणवायू यांमुळे फुप्फुसाला सूज येते आणि त्या सुजेत कोवळ्या पिशव्यांची वाढच खुंटते. वाचलेल्या काही बाळांना त्यातून फुप्फुसाचा दीर्घ आजार जडतो. १९६७ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले.

यात बाळाचे काही चुकले का? काहीच नाही. ज्या महिन्यांत आईचे पोट हेच त्याचे घर आणि कवच असायला हवे होते, त्या महिन्यांत ते उघड्यावर आले, एवढेच.

दोन प्रकारची अनिष्टे

तत्त्वज्ञानात नैसर्गिक अनिष्ट आणि नैतिक अनिष्ट असा भेद करतात. भूकंप हे नैसर्गिक अनिष्ट. चोरी हे नैतिक. पहिल्यात कुणाचा दोष नसतो, दुसऱ्यात असतो. मग अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मृत्यू कुठल्या रकान्यात मांडायचा?

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. सुमारे साडेपाच आठवडे आधी. वजन दोन किलोंहून थोडे अधिक. त्याला लगेच स्नानसंस्कार देण्यात आला, पॅट्रिक हे नाव ठेवण्यात आले आणि बोस्टनच्या मोठ्या बालरुग्णालयात हलवण्यात आले. जगातली सत्ता, पैसा, नामांकित डॉक्टर, सारे हाताशी होते. तरीही ३९ तासांत बाळ गेले. आजार हाच, मिटणाऱ्या फुप्फुसाचा. विशेष म्हणजे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी चार वर्षे आधी, १९५९ मध्ये, त्याच बोस्टन शहरात सरफॅक्टंटचा अभाव हे कारण शोधले होते. कारण कळले होते, उपाय मात्र हाती नव्हता. पॅट्रिकचा मृत्यू हे नैसर्गिक अनिष्ट होते. ‘कुणाचे चालले नाही’ हे तिथे अक्षरशः खरे होते.

त्यानंतर माणसाने या वाटेवर बरीच मजल मारली. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवले की, वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाचे फुप्फुस लवकर तयार होते. ते औषध अगदी स्वस्त आहे. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेले सरफॅक्टंट दहा बाळांना देऊन गुण आल्याचे प्रसिद्ध केले. कोलंबियातील बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तिथे १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची पद्धत सुरू केली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच अशी ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांमधील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसले. आणि ज्या बाळांना आईचे दूध मिळत नाही त्यांच्यासाठी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली.

म्हणजेच १९६३ मध्ये जो मृत्यू नैसर्गिक अनिष्ट होता, तसाच मृत्यू आज, हे सारे ठाऊक असताना आणि हाताशी असताना झाला, तर तो त्या रकान्यात राहत नाही. आजार तोच, बाळ तसेच. पण मधल्या काळात आपल्याला कळले. ज्ञान वाढले की कर्तव्यही वाढते. कालची असहायता आज निष्काळजीपणा ठरू शकते.

गडचिरोलीची साक्ष

कुणी म्हणेल, “हे मोठ्या शहरांचे झाले. आमच्यासारख्या गरिबांच्या वस्तीत काय होणार?” त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९३ पासून नवजात बाळांचा अभ्यास केला. गावातल्याच बायकांना शिकवले : बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ऊब देणे, आईला दूध पाजण्यास मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करता, तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात बालमृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. गरिबी तीच होती, जंगल तेच होते, मोठे रुग्णालयही गावात आले नव्हते. बाळाजवळ जाणते माणूस आले, एवढाच फरक. २०११ पासून सरकारने आशाताईंमार्फत हीच घरभेटीची पद्धत देशभर सुरू केली.

बंग दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातील बालमृत्यूंवर अहवाल काढला, त्याचे नाव ‘कोवळी पानगळ’. नाव विचारपूर्वक ठेवलेले दिसते. पिकले पान गळते, तो निसर्ग. कोवळी पाने गळू लागली तर शेतकरी देवाची इच्छा म्हणून बसत नाही; मुळाशी पाणी पोचले का, रोग पडला का, हे पाहतो.

मग दोषी कोण?

इथे एक मोठी चूक होण्याचा धोका आहे. ‘देवाची इच्छा’ नाही, तर मग आईचीच चूक, असे म्हणून आपण मोकळे होऊ. “सातव्या महिन्यात कोयता का धरलास?” असे तिला विचारणे सोपे आहे. पण ज्याला दुसरा मार्गच नव्हता, त्याच्यावर दोष ठेवता येत नाही, हा नीतिशास्त्राचा साधा नियम आहे. नवराबायकोच्या जोडीवर उचल घेतलेली असते. ती थांबली तर खाडा पडतो आणि मुकादमाचे देणे वाढते. जबाबदारी सामर्थ्याप्रमाणे वाटावी लागते. उचल देणारा, घेणारा, कारखाना, शासन, शेजारी आणि आपली धर्मग्रामसभा, या सर्वांच्या हातात तिच्यापेक्षा थोडे जास्त होते.

दुसरी चूक म्हणजे सर्व काही आपल्या हातात आहे असे मानणे. १९४० ते ५० च्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना चांगल्या हेतूने भरपूर प्राणवायू दिला गेला आणि हजारो बाळांची दृष्टी गेली. मदतीलाही माप लागते. सगळे केल्यावरही काही बाळे जातात. १९५७ मध्ये पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांपुढे बोलताना हेच स्पष्ट केले होते : जीव राखण्यासाठी नेहमीचे उपाय करणे बंधनकारक आहे, असाधारण उपाय प्रत्येक वेळी बंधनकारक नाहीत. अशा वेळी बाळाला कुशीत घेऊन बसणे आणि आईला एकटे न सोडणे, हेच करण्यासारखे उरते. तेही थोडे नाही.

निष्पाप बाळाला हे दुःख का, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही आणि ते असल्याचा आव आम्ही आणणार नाही. एवढे मात्र आम्ही ठामपणे म्हणतो की, जे आपण करू शकत होतो आणि केले नाही, ते देवाच्या नावावर मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्या हातात काय आहे?

१) दिवस गेलेल्या बाईची नोंदणी लवकर करा. हंगामाला जाताना तिचे कार्ड सोबत द्या. वेळेआधी कळा आल्या, पाणी गेले, तर कोपीत वाट न पाहता १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठा.

२) पहिले चिकाचे दूध फेकू नका. त्यात बाळाच्या राखणीची द्रव्ये असतात. मध, साखरेचे पाणी चाटवू नका. बाळाला धुरी देऊ नका. कोवळ्या फुप्फुसाला धूर सोसत नाही.

३) बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. तो ६० किंवा अधिक असेल, छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, दूध सोडले असेल किंवा अंग गार पडले असेल, तर त्याला छातीशी उबेत धरून लगेच रुग्णालयात न्या. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत.

४) शेवटचे कदाचित सर्वांत जड जाईल. ज्या घरातली सून दिवसांत आहे, त्या घराने या हंगामात तिला मागे ठेवले, तर एका माणसाची मजुरी बुडेल. ती तूट त्या घराने एकट्याने सोसावी, की आपण वाटून घ्यावी? गाड्या निघण्याआधी आपल्या वस्तीत बसून याचे उत्तर ठरवा. त्या बैठकीला आम्हीही येऊ.

प्रभू आपल्या सर्व लेकीसुनांना आणि त्यांच्या बाळांना सांभाळो, आणि त्यांना सांभाळण्याची बुद्धी आपल्याला देवो.